मोजलंस का?

(शाळेच्या स्नेहमेळाव्यात, दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेले एक-दोन आकडे लिहिताना घातले आहेत.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल. वीस मिनिटं." मी हो म्हटलं. नंतर वाटलं, कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल सांगणारे व्हिडिओ तुमच्या फोनवर रोज दहा तरी येत असतील. त्यापेक्षा माझ्या नैसर्गिक बुद्धिमत्तेने केलेल्या एका चुकीबद्दल बोलावं. ती चूक नट-बोल्टची आहे, जुन्या गाडीची आहे, आणि थोडी या शाळेचीही आहे. म्हणजे शाळेने बरोबर शिकवलं होतं, मी अर्धंच लक्षात ठेवलं.

तुम्हाला आठवत असेल, आठवीत टेक्निकल विषय घेणाऱ्या आम्ही तिघीच मुली होतो. मैदानापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये वर्कशॉप भरायचं. तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा वास हाताला लागायचा, तो संध्याकाळपर्यंत जायचा नाही. पहिलं अख्खं सत्र आम्ही कानस चालवली. दुसऱ्या सत्रात सरांनी लोखंडी पट्टीला भोक पाडून त्यात टॅपने आटे पाडायला शिकवलं. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. घाई केली की टॅप तुटायचा, आणि तुटला की सर काही बोलायचे नाहीत, नुसतं बघायचे. ते बघणं ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

आटे पाडून झाले की सर त्यात बोल्ट घालून तपासायचे. पाना हातात घ्यायचे नाहीत. दोन बोटांनी बोल्ट फिरवायचे आणि म्हणायचे, "बोटांनी चढला पाहिजे. आणि चढल्यावर डुलता कामा नये." हे वाक्य मी तीन वर्षं ऐकलं. त्यातला पूर्वार्ध माझ्या लक्षात राहिला. उत्तरार्ध कुठे गेला, ते पुढे सांगते.

आमच्या बाबांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. विहिरीवरच्या मोटारी आणायला-पोचवायला त्यांच्याकडे १९६८ ची महिंद्राची पेट्रोल जीप होती. पुढे पेट्रोल परवडेना, तेव्हा त्यांनी त्यात जुनं प्यूजो डिझेल इंजिन बसवून घेतलं. तेव्हापासून ती गाडी दोन भाषा बोलायला लागली. चेसिस, चाकं, स्टिअरिंग हे सगळं मूळच्या अमेरिकन विलीज जीपचं, म्हणून इंचात. इंजिन फ्रेंच, म्हणून मिलिमीटरमध्ये. बाबांकडे पान्यांच्याही दोन पिशव्या होत्या, एक खाकी आणि एक निळी. खाकीतला पाना निळीत सापडला तर आम्हा भावंडांपैकी कोणीतरी मार खायचं.

इंचाचे बोल्ट बाबा सुतात सांगायचे. एका इंचाचे आठ सूत. पाव इंचाचा तो दोन सुती, ५/१६ चा अडीच सुती, अर्ध्या इंचाचा चार सुती. मिलिमीटरच्या बोल्टांना मात्र ते सरळ "आठचा", "दहाचा", "बाराचा" म्हणायचे. नट-बोल्ट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवलेले असायचे, आणि प्रत्येक डब्यावर ऑइलपेंटने लिहिलेलं असायचं. ही नावं ऐकत मी मोठी झाले, इंजिनिअर झाले, आणि मला वाटायला लागलं की आपल्याला यातलं कळतं.

मुळात एवढे प्रकार झाले कसे, ते थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट समजणार नाही.

बोल्टाच्या अंगावर जे आटे असतात त्यांची तीन मापं महत्त्वाची. बोल्ट किती जाड, दोन आट्यांमध्ये अंतर किती, आणि आट्याचा कोन किती. एकेकाळी इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याची ही मापं वेगळी होती. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला चालायचा नाही. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंजिनिअरने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, मोजले, त्यांच्या मापांतून मधलं माप काढलं आणि १८४१ मध्ये सगळ्यांसाठी एकच पद्धत मांडली. त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा होता. रेल्वे, जहाजं, गिरण्या, सगळीकडे ती पसरली.

मग १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी आपली वेगळी पद्धत मांडली. कोन ६० अंश, कारण तो कारागिराला पाडायला आणि तपासायला सोपा. मजा अशी, की बऱ्याच मापांत एका इंचातल्या आट्यांची संख्या दोन्हीकडे सारखीच राहिली. पाव इंची बोल्टाला इकडेही वीस आणि तिकडेही वीस. पण अर्ध्या इंचाला व्हिटवर्थचे बारा आणि अमेरिकेचे तेरा. म्हणजे पाव इंची नट-बोल्ट एकमेकांना कसेबसे स्वीकारतात आणि अर्ध्या इंचाचे साफ नाकारतात. ब्रिटिशांनी पुढे मोटारींसाठी बारीक आट्यांची आणखी एक मालिका काढली. विजेच्या आणि छोट्या कामासाठी बी. ए. म्हणून तिसरीच काढली. तिचा मूळ हिशेब मिलिमीटरमध्ये होता आणि कोन साडेसत्तेचाळीस अंशांचा! जुनी ब्रिटिश गाडी उघडली की हे सगळे नातेवाईक एकाच बॉनेटखाली भेटतात.

दुसऱ्या महायुद्धात याचा खरा त्रास झाला. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने रोल्स-रॉइसचं मर्लिन विमान-इंजिन बनवायला घेतलं, तेव्हा सुटे भाग अदलाबदल करता यावेत म्हणून आटे ब्रिटिशच ठेवावे लागले, आणि त्यासाठी लागणारे टॅप-डाय कंपनीला स्वतः तयार करावे लागले. युद्ध संपल्यावर, १८ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टनमध्ये सह्या करून इंचाची एकच समाईक पद्धत मान्य केली. तिला युनिफाइड म्हणतात. कोन अमेरिकेचा, ६० अंश. पण करार एका दिवशी होतो, कारखान्यातली यंत्रं एका दिवशी बदलत नाहीत. त्यामुळे पन्नासच्या दशकातल्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत अर्धे बोल्ट जुने आणि अर्धे नवे सापडतात.

सगळ्यात गमतीचं उदाहरण मॉरिस कंपनीचं. १९२३ मध्ये मॉरिसने कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना विकत घेतला. तिथली यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी. यंत्रं बदलणं महाग. म्हणून त्यांनी आटे मेट्रिकच ठेवले, आणि इंग्लंडमधल्या मिस्त्रीचे पाने चालावेत म्हणून बोल्टाचं डोकं मात्र व्हिटवर्थच्या मापाचं केलं! पुढे एम. जी. च्या टी. सी. आणि टी. डी. या प्रसिद्ध गाड्यांच्या इंजिनांतही हेच आलं. ज्याने फक्त डोकं मोजलं तो फसला. माणसांच्या बाबतीतही असंच होतं, पण तो आजचा विषय नाही.

आणि आपल्याकडे? वजनमापांचा मेट्रिक कायदा १९५६ चा, नवे पैसे १९५७ चे. रस्त्यावरच्या गाड्यांनी मात्र त्यासाठी थांबायचं कारण नव्हतं. मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट, म्हणजे नंतरची प्रीमिअर पद्मिनी, इटालियन असल्याने पहिल्यापासून मेट्रिक. अॅम्बॅसिडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, म्हणून इंचात. पुढे नव्वदच्या दशकात तिला जपानी इसुझू इंजिन मिळालं, आणि तीही आमच्या जीपसारखी दुभाषी झाली. म्हणजे आपल्या वडिलांच्या पिढीतल्या मिस्त्र्यांनी कुठल्याही पुस्तकाशिवाय हा सगळा गोंधळ बोटांवर पेलला. ते लोक काय होते, हे मला आता कळतंय.

आता माझी गोष्ट.

बाबा गेले त्यानंतर जीप दोन वर्षं अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. भाऊ म्हणाला, भंगारात देऊ. आई काही बोलली नाही, पण दर रविवारी ती ताडपत्री झटकायची. मी म्हटलं, मी चालू करते. पुण्याहून दर पंधरा दिवसांनी यायचं आणि शनिवार-रविवार जीपखाली घालवायचे, असं वर्षभर चाललं.

पहिली चूक लहान होती. चेसिसवरच्या जाड लोखंडी ब्रॅकेटला ५/१६ चे, म्हणजे अडीच सुती जाड आटे पाडलेले होते. एक बोल्ट हरवला होता. मी आठचा नवा बोल्ट घेतला. जाडी बघा, ५/१६ म्हणजे ७.९४ मिलिमीटर. आठच्यात आणि त्याच्यात केसाएवढा फरक. पण आट्यांचं अंतर एकाचं १.४१ मिलिमीटर आणि दुसऱ्याचं १.२५. दोन-तीन फेरे छान गेला आणि मग अडला. मला वाटलं गंज असेल. डिझेल सोडलं, पान्याला पाइप लावून दाबला, आणि बोल्ट आत तुटला. उरलेला तुकडा काढायला उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींना अर्धा दिवस लागला. ते तेवढंच म्हणाले, "ताई, तो नको म्हणत होता. ऐकायचं की."

तेव्हा मला सरांचं वाक्य आठवलं. बोटांनी चढला पाहिजे. मी कानाला खडा लावला. पुढे प्रत्येक नट मी आधी बोटांनी चढवून बघायची. अडला की थांबायची. मला वाटलं, आता आपण शहाण्या झालो.

दुसरी चूक चाकाची. जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. चाकाच्या फिरण्याने नट सैल पडू नयेत, हा त्यामागचा विचार. म्हणजे डाव्या बाजूचा नट सोडायचा तर घट्ट करायच्या दिशेने फिरवायचा. बोल्टाच्या टोकावर तशी खूण असते, पण गंजाखाली ती कोणाला दिसणार? पंक्चर काढताना एका पोराने मागच्या डाव्या चाकाचे नट नेहमीच्या दिशेने सोडायला घेतले, ते सुटेनात म्हणून पाइप लावला, आणि पाचपैकी तीन बोल्ट तोडले. त्याचा दोष नाही. त्याच्या वयाला उलटे आटे बघायला मिळालेलेच नसणार.

उलट्या आट्यांचे बोल्ट मला बाजारात मिळाले नाहीत. सरळ आट्यांचे मिळाले, दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचे. तुटलेल्या बोल्टाशेजारी धरून बघितले. लांबी तीच, जाडी तीच, आटे तेवढेच बारीक. लेथवर थोडं काम करून ते हबमध्ये दाबून बसवले. बसवणारा म्हणाला, "ताई, नट कुठले लावणार?" मी म्हटलं, "आहेत घरी." बाबांच्या डब्यांपैकी एकावर लिहिलं होतं, 'जीप, चाक, उजवी बाजू'. त्यातले तीन नट काढले. बोटांनी फिरवले. किती सुंदर गेले म्हणून सांगू! लोण्यासारखे. शेवटपर्यंत. वरून एकोणीसचा पाना लावून आवळले. मला बाबांची आठवण आली आणि डोळ्यांत पाणी आलं. हे मी खोटं सांगत नाही.

पुढच्या महिन्यात आई आणि माझी दहा वर्षांची मुलगी यांना घेऊन आम्ही पन्हाळ्याला गेलो. आईला बाबांच्या जीपमधून जायचं होतं. उतरताना एका वळणावर मागून टक्, टक् असा आवाज यायला लागला. मुलगी म्हणाली, "आजी, घोडा येतोय." मी गाडी कडेला घेतली. मागच्या डाव्या चाकावर हात ठेवला तर ते हललं. तीनपैकी दोन नट रस्त्यात कुठेतरी पडले होते. तिसरा बोल्टावर नुसता अडकलेला होता, मी ओढला तर न फिरवता हातात आला. त्याच्या आतले आटे तारेच्या गुंडाळीसारखे बाहेर आले होते. चाक राहिलं होतं ते उरलेल्या दोन जुन्या, उलट्या आट्यांच्या बोल्टांवर. बाबांच्या काळातल्या.

मी आईला काही सांगितलं नाही. "पंक्चर आहे" म्हटलं. पायथ्याच्या गावातून टेम्पो बोलावला. घरी येईपर्यंत माझे हात थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी मी तो नट आणि तो बोल्ट रुमालात बांधून सरांकडे गेले. सर, तुम्हाला आठवतंय ना? तुम्ही अंगणात पेपर वाचत होता. मी सगळं सांगितलं. तुम्ही रागावला नाहीत. चष्मा बदललात आणि विचारलंत, "मोजलंस का?"

मी म्हटलं, "सर, शेजारी धरून बघितला. बोटांनी चढला."

तुम्ही परत विचारलंत, "मोजलंस का?"

मग तुम्ही आतून व्हर्नियर आणलात. जुना नट अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटरच्या बोल्टासाठी. इंचात वीस आटे, म्हणजे आट्यांमधलं अंतर १.२७ मिलिमीटर. मी आणलेला बोल्ट बाराचा, अंतर १.२५. आट्यांच्या अंतरात फरक फक्त ०.०२ मिलिमीटर! नटाच्या उंचीत दहाएक आटे बसतात, तेवढ्यात हा फरक जाणवतच नाही. म्हणून तो अडला नाही. पण जाडीत ०.७ मिलिमीटर कमी. म्हणजे नटाचे आटे बोल्टाच्या आट्यांना पूर्ण धरतच नव्हते. जेवढी पकड हवी त्याच्या निम्म्याहूनही कमी होती, नुसती टोकाला टोक. आवळताना घट्ट वाटलं, पण चाकाचे धक्के बसायला लागल्यावर ती टोकं सोलून निघाली. आणि पान्यानेही दगा दिला. जीपच्या नटाचं डोकं पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिलिमीटर. बाराच्या नटांनाही पुष्कळदा एकोणीसचा पाना लागतो. म्हणजे खाकी पिशवी आणि निळी पिशवी नेमकी या एका मापाला सारखी.

तुम्ही नट बोल्टावर अर्धा चढवून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "हलव." तो डुलत होता. चांगला डुलत होता. तेव्हा मला वाक्याचा उत्तरार्ध आठवला. चढल्यावर डुलता कामा नये.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट मनाशी धरली आहे, आणि तीच सांगायला मी आज उभी आहे. जे एकमेकांना सरळ नाकारतं, त्याची भीती नाही. अडीच सुतीने आठच्याला नाकारलं, माझा एक बोल्ट तुटला, अर्धा दिवस गेला, एवढंच. भीती आहे ती 'जवळजवळ' बसणाऱ्याची. ते तुम्हाला थांबवत नाही. लोण्यासारखं जातं, आणि घाटात सोडतं.

ही फक्त माझीच चूक आहे असं समजू नका. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालेल्या एका विमानाची वैमानिकासमोरची काच सतरा हजार फुटांवर निखळून गेली. हवेच्या ओढीने कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला विमान उतरेपर्यंत धरून ठेवलं. सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं, आणि कॅप्टनसह सगळे वाचले. चौकशीत काय निघालं? विमान निघण्याच्या थोडं आधी रात्रपाळीत ती काच बदलली होती. नव्वद बोल्ट होते. त्यांतले चौऱ्याऐंशी हवे होते त्यापेक्षा सुमारे ०.६६ मिलिमीटर बारीक होते, उरलेले सहा आखूड. आट्यांचं अंतर मात्र तेच, इंचात बत्तीस. बदलणारा माणूस अनुभवी होता. त्याने जुना बोल्ट शेजारी धरून, डोळ्याने जुळवून नवे निवडले होते. मी वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. ०.६६ आणि माझे ०.७. त्याचा अनुभव आणि माझी पदवी, दोन्ही सारखेच उपयोगाला आले.

माझ्या रोजच्या कामातही हेच दिसतं. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी लिहितात, आपण दिवस आधी लिहितो. आपल्याकडून १३/०४ अशी तारीख तिकडच्या प्रोग्रॅमला गेली, तर तो लगेच ओरडतो, कारण तेरावा महिना नसतो. चूक पकडली जाते. पण ०३/०४ गेली तर तो गुपचूप घेतो. आपण तीन एप्रिल म्हटलेलं, त्याने चार मार्च ऐकलेलं. कोणी ओरडत नाही. महिन्यांनी कधीतरी हिशेब जुळेनासा होतो, आणि मग माझ्यासारख्या माणसाला रात्री दोनला फोन येतो. आता माझ्या हाताखालची मुलं मला सांगतात, "मॅडम, चाललं." मी विचारते, "मोजलंस का?" त्यांना वाटतं ही माझी सवय आहे. ती माझी नाही, समोर पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाची आहे.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी वडिलांची जीप, अॅम्बॅसिडर, फियाट, एखादी मॉरिस मायनर ताडपत्रीखाली असेल, तर चार कामाच्या गोष्टी सांगते.

बोल्टाची जाडी व्हर्नियरने मोजा, डोळ्याने नको. जुना बोल्ट थोडा झिजलेला असतो, म्हणून माप किंचित कमीच येईल, तेवढी सूट द्या. मग आट्यांचं अंतर पिच गेजने मोजा. ही छोट्या करवतींच्या पात्यांची जुडी असते. पातं आट्यांत बसवून उजेडासमोर धरायचं, फटीतून उजेड दिसला की ते माप नाही. मेट्रिकची जुडी वेगळी, व्हिटवर्थची ५५ अंशांची वेगळी, अमेरिकन ६० ची वेगळी. पाव इंचाला व्हिटवर्थ आणि अमेरिकन यांचे आटे सारखेच वीस, तिथे कोनच खरं सांगतो.

डोक्यावरून किंवा पान्यावरून बोल्ट ओळखू नका. व्हिटवर्थच्या पान्यावर लिहिलेला आकडा बोल्टाच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाचा नसतो. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचं तोंड अर्ध्या इंचापेक्षा मोठं असतं. आणि अर्ध्या इंचाच्या तोंडाच्या डोक्यावर तेराचा पाना चालवलात, तर आज चालेल, उद्या डोक्याचे कोपरे गोल होतील.

तिसरं, नट बोटांनी शेवटपर्यंत चढवा, मग अर्ध्यावर आणून हलवून बघा. अडला तरी थांबा, डुलला तरी थांबा.

चौथं, चाक, ब्रेक आणि स्टिअरिंग या तीन ठिकाणी 'चालतंय की' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. तिथे माप मिळेपर्यंत गाडी उभी राहू दे. माझी चार महिने उभी राहिली. शेवटी उलट्या आट्यांचे अर्ध्या इंचाचे बोल्ट एका जुन्या जीपच्या भंगारातून मिळाले, नटांसह. सरांनी स्वतः मोजले. मग बसवले.

आईला मी खरं काय झालं ते गेल्या दिवाळीला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुझ्या बाबांनी डब्यावर 'उजवी बाजू' लिहिलं होतं ना? मग डावीला कशाला लावलेस?" मी हसले, पण खरं तेच आहे. बाबांनी लिहून ठेवलं होतं. सरांनी सांगून ठेवलं होतं. मी दोन्ही वाचले होते, ऐकले होते, आणि तरीही जे लोण्यासारखं गेलं त्यावर विश्वास ठेवला.

शेवटी एक विनंती. काल आपण शाळा फिरून बघितली. वर्कशॉपची शेड अजून आहे. व्हाइस गंजले आहेत, पण मोडलेले नाहीत. मुख्याध्यापकांशी बोलले, ते म्हणाले, आठवीची मुलं अजूनही तिथे कानस चालवतात, पण मोजायची साधनं जुनी होऊन गेली. म्हणून मी दोन व्हर्नियर आणि पिच गेजच्या तिन्ही जुड्या आणल्या आहेत. बाबांचा एक डबाही आणला आहे, त्यात सरमिसळ नट-बोल्ट आहेत, इंचाचे, मेट्रिकचे, दोन-चार व्हिटवर्थचेही. मुलांनी ते वेगळे करायचे, हा त्यांचा पहिला धडा असू दे. डब्यात तो पन्हाळ्याचा नट आणि बोल्टही टाकला आहे. कोणत्या मुलाला सापडतो ते बघू.

आपल्या वर्गातल्या ज्यांचे कारखाने आहेत, लेथ आहेत, त्यांनी वर्षातून एक शनिवार मुलांना द्यावा, एवढंच मागते. यादी बाहेर टेबलावर ठेवली आहे, चहाच्या शेजारी, म्हणजे कोणी चुकणार नाही.

सर, हा पिच गेज तुमच्या हातून शाळेला द्यावा अशी माझी इच्छा आहे. वर या. आणि हो, पेटीतल्या तिन्ही जुड्या बरोबर आहेत का, ते द्यायच्या आधी तुम्ही बघालच. या वेळी मी मोजल्या आहेत.